ट्रान्सफॉर्मर लावला, फरक शून्य. आता टेप मशीनच घ्यावं का?

कोरडा_टेक

नमस्कार मंडळी. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी एका छोट्या खोलीत आवाज आणि नायलॉन तारांची गिटार रेकॉर्ड करतो. मोठ्या डायफ्रॅमचा एक कंडेन्सर माइक, दोन चॅनेलचा इंटरफेस, बस्स. रेकॉर्डिंग स्वच्छ येतं. तक्रार तीच आहे, फार स्वच्छ येतं. गिटारची जाड तार वाजते पण बसत नाही, आणि गाण्यातले 'स' नि 'श' कानात टाचणीसारखे टोचतात. जुन्या टेपवरचं गाणं ऐकलं की गाणारा माणूस समोर बसलेला असतो. माझा गाणारा काचेपलीकडून गातो.

"लोखंडातून काढ, ऊब येईल" हे इतक्या ठिकाणी वाचलं की शेवटी लाइन ट्रान्सफॉर्मरची चांगली जोडी आणली. एकास एक, १० किलोओहमला १० किलोओहम, निकेलचा गाभा. पत्र्याच्या डबीत बसवली, इंटरफेसच्या आउटपुटमधून सिग्नल काढून डबीतून फिरवून परत इनपुटात घेतला. मग मूळ ट्रॅक आणि हा ट्रॅक अगदी तंतोतंत जुळवले, एकाची फेज उलटी केली आणि दोन्ही एकत्र वाजवले, म्हणजे सारखं ते कटतं आणि फरक तेवढा ऐकू येतो. तळाशी जराशी पुटपुट उरली, बाकी सामसूम. म्हणजे तीन संध्याकाळी डाख देत बसलो, ते एक उत्तम वायर बनवायला!

आता पाव इंची, दोन ट्रॅकचं एक रीळ मशीन विकायला निघालंय. ७.५ आणि १५ आयपीएस (सेकंदाला इंच) दोन्ही वेग आहेत. विकणारा म्हणतो "चालू स्थितीत". विचारायचं ते असं: ट्रान्सफॉर्मर चुकीचा निवडला, की माझे कान चुकीचे? टेपने माझं काम होईल का? आणि "चालू स्थितीत" याचा अर्थ काय समजायचा?

वाकडा_बायस

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: "चालू स्थितीत" म्हणजे लाल दिवा लागतो. बाकीचं मशीन समोर आल्यावर.

तुमचा ट्रान्सफॉर्मर चुकीचा नाही, फारच चांगला आहे. लाइन ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्यांनी सगळं आयुष्य त्याचा आवाज *येऊ नये* म्हणून खर्ची घातलंय. तुम्ही त्याला आरामखुर्चीत बसवून विचारताय, घाम का येत नाही?

गाभ्यात किती फ्लक्स तयार होतो ते व्होल्टेज भागिले फ्रीक्वेन्सी यावर ठरतं. तेवढ्याच व्होल्टेजला ४०० हर्ट्झपेक्षा ४० हर्ट्झचा स्वर गाभ्यात दहापट फ्लक्स उभा करतो. म्हणून लोखंड नेहमी खालून भरायला लागतं. गाभा भरत आला की लाटेचे माथे दोन्ही बाजूंनी सारखेच दबतात आणि मुख्यतः तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या तिप्पट फ्रीक्वेन्सीचा स्वर, जन्माला येतो. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची. तिचा तिसरा हार्मोनिक साधारण २४७ वर, म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. लोक ज्याला "भरदार" म्हणतात ते बरेचदा एवढंच असतं: खर्जाच्या डोक्यावर हळूच धरलेला पंचम. छोट्या स्पीकरवर ८२ ऐकूच येत नाही, पण २४७ येतो, म्हणून तार "बसल्यासारखी" वाटते.

आता तुमची पातळी बघा. इंटरफेस पूर्ण मर्यादेला, समजा, +२० डीबीयू (व्होल्टेजच्या पातळीचं माप) देतो. तुम्ही शहाण्या माणसासारखं सरासरी १८ डेसिबल खाली वाजवलं असणार. म्हणजे ट्रान्सफॉर्मरला मिळाले +२ डीबीयू, एक व्होल्टच्या आसपास. चांगल्या निकेलच्या गाभ्याला ही कोवळी उन्हं. त्याला १२-१४ डेसिबल जास्त द्या आणि डबीच्या *पुढे*, इनपुटाच्या आधी, तेवढेच कमी करणारा रोधांचा पॅड लावा, नाहीतर इनपुटच आधी फाटेल आणि तुम्ही म्हणाल, वा, काय ऊब आली!

दुसरी गोष्ट फार कमी लोक सांगतात, आणि माझ्या मते तीच खरी किल्ली आहे: स्रोताचा रोध. गाभ्याला चुंबकित करायला जो प्रवाह लागतो तो मुळातच वाकडा असतो, साइन वेव्हसारखा सरळ नसतो. स्रोत ताठ असेल, म्हणजे त्याचा रोध फार कमी असेल, तर तो वाकडा प्रवाह निमूट पुरवतो आणि व्होल्टेज सरळच राहतं. मध्ये रोध घातला की त्याच वाकड्या प्रवाहाने त्या रोधावर वाकडं व्होल्टेज पडतं आणि तेवढा आकार सिग्नलमधून वजा होतो. तुमच्या इंटरफेसचं आउटपुट आजच्या पद्धतीचं, अगदी ताठ. दोन्ही तारांत ३००-३०० ओहम घालून बघा. पातळी अर्धा डेसिबल उतरेल, स्वभाव त्याहून जास्त बदलेल. जुन्या यंत्रांत सगळीकडे ६०० ओहमचा व्यवहार होता, त्यामुळे हे आपोआप घडायचं.

धातूबद्दल थोडक्यात. ऐंशी टक्क्यांच्या आसपास निकेल असलेलं म्यूमेटल अगदी बारीक सिग्नलला उत्तम, पण पाऊण टेस्लाच्या आसपासच भरतं. म्हणून ते माइकच्या इनपुटला. सिलिकॉन पोलाद दोन टेस्लाच्या जवळ जातं, पण हळू आवाजात त्याचा हिस्टेरिसिस (चुंबकत्व मागे रेंगाळणं) जाणवतो. ते आउटपुटला. निम्मं निकेल मधल्यामध्ये. नीव्हचा १०७३ हा नावाजलेला माइक प्रीॲम्प, त्याचं आउटपुट क्लास ए, एकेरी. त्याचा स्थिर प्रवाह थेट वाइंडिंगमधून (तारेच्या गुंडाळीतून) जातो, म्हणून तिथे गाभ्यात मुद्दाम फट ठेवावी लागते. तिथला दुसरा हार्मोनिक ट्रान्सफॉर्मरपेक्षा त्या एकेरी स्टेजची देणगी असतो. नुसता तसला ट्रान्सफॉर्मर आणून डबीत बसवला म्हणून १०७३ होत नाही. हे लिहायची वेळ माझ्यावर दर दोन महिन्यांनी येते.

एक पथ्य: सेकंडरी (सिग्नल बाहेर पडतो ती वाइंडिंग) मोकळी सोडू नका. भार नसला की पुष्कळ ट्रान्सफॉर्मर वरच्या टोकाला टाळ वाजल्यासारखे झिणझिणतात. उत्पादक सांगतो तो रोध लावायचा, लागलाच तर रोध आणि कपॅसिटर एकामागे एक जोडून.

चौथा_ट्रॅक

वाकडा_बायस यांच्याशी बहुतेक सहमत आहे, पण प्रश्नकर्त्याने दोन दुखणी सांगितली आणि उत्तर एकाचंच मिळालं. जाड तार बसत नाही, ठीक. 'स' टोचतो, त्याचं काय? लोखंड त्याला हात लावणार नाही. ७ किलोहर्ट्झला गाभा झोपलेला असतो.

टेपचं नेमकं उलट, ती वरून मऊ होते. रेकॉर्ड करताना मशीन वरची टोकं उचलून टेपवर टाकतं, आणि एवढ्या छोट्या तरंगलांबीच्या चुंबकरेषा टेपवर टिकायला मुळातच नाखूश असतात. त्यामुळे 'स' सगळ्यांच्या आधी टेपच्या मर्यादेला धडकतो आणि दबतो. वेग जितका कमी, तितकं हे लवकर. मी चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर वाढले, तिथे गाणाऱ्याचे 'स' इतके गुळगुळीत व्हायचे की कधीकधी शब्द कळायचा नाही. त्यालाही लोक आता ऊब म्हणतात.

म्हणून माझा सल्ला जरा अरसिक आहे. आधी माइक तोंडाच्या रेषेतून तीसेक अंश वळवा आणि एक वीत मागे घ्या. मोठ्या डायफ्रॅमचे माइक समोरून सगळ्यात उजळ असतात. निम्मा टोचरेपणा इथेच जाईल, आणि यासाठी डाखही द्यावा लागत नाही. मग उरलेल्यासाठी यंत्र शोधा.

आणखी एक. लाइनवरचा ट्रान्सफॉर्मर आणि माइकच्या इनपुटचा ट्रान्सफॉर्मर या दोन वेगळ्या जाती आहेत. एकास दहाचा माइक ट्रान्सफॉर्मर, उदाहरणार्थ जेन्सनचा जेटी-११५के-ई, १५० ओहमला १५ किलोओहम करून दाखवतो आणि २० डेसिबल फुकटात देतो. त्याची मजा अशी की पुढचा ॲम्प्लिफायर काय बघतो तेच बदलतं. मी एकदा रिबन माइक अशा इनपुटात लावला आणि पॅनेलवरचं एकही बटण न फिरवता मिक्स उभं राहिलं. हार्मोनिक किती पडले ते मोजलं नाही, पडले असतील तर फारच थोडे. सगळी ऊब विकृतीतूनच येते असं नाही.

कोरडा_टेक

दोघांचेही आभार. दोन रात्री हेच केलं.

माइक वळवला. कबूल करतो, जरा लाज वाटली. 'स'चा निम्मा त्रास गेला.

मग ट्रान्सफॉर्मर. +१६ डीबीयूपर्यंत चढवलं, ३००-३०० ओहम घातले, पुढे पॅड. आता उलट्या फेजने जुळवल्यावर तळाशी चक्क आवाज उरतो, घशातल्या घशात गुणगुणल्यासारखा. गिटारवर फरक कळतो: जाड तार पुढे आली, तिला कडा आली. बासवर तर लगेच. माणसाच्या आवाजावर मात्र जवळपास काहीच नाही. ते आता समजतंय, माझ्या गायिकेचा स्वर २०० हर्ट्झच्या खाली फारसा उतरतच नाही.

एक गुन्हा सांगायचा राहिला. जुन्या मिक्सरमधून काढलेले दोन छोटे माइक ट्रान्सफॉर्मर पडून आहेत. कुठली वाइंडिंग कुठली ते कळावं म्हणून मल्टिमीटरने रोध मोजला. काही बिघडलं नसेल ना?

आणि टेपबद्दल कृपया कुणीतरी लिहा. शनिवारी मशीन बघायला जायचंय.

वाकडा_बायस

मल्टिमीटर! अहो, मीटर रोध मोजताना वाइंडिंगमधून डीसी प्रवाह सोडतो. म्यूमेटलच्या इवल्याशा गाभ्याला तेवढा पुरतो, तो चुंबकित होऊन बसतो आणि बारीक सिग्नलची विकृती वाढते. मेलेला नाही, घाबरू नका. २०-३० हर्ट्झचा स्वर भरपूर चढवा, आणि मग अगदी सावकाश, अर्ध्या मिनिटात, शून्यावर आणा. झटक्यात बंद केलंत तर परत पहिल्यापासून. कुठली वाइंडिंग कुठली हे एका बाजूला १ किलोहर्ट्झ देऊन दुसऱ्या बाजूचं व्होल्टेज मोजून कळतं, शिवाय गुणोत्तरही मिळतं. ४८ व्होल्टच्या फँटमचेही (माइकच्या तारेतूनच माइकला जाणारी वीज) ६.८ किलोओहमचे दोन रोध एकमेकांशी तंतोतंत जुळलेले हवेत, ०.४ टक्क्यांच्या आत. नाहीतर फरकाचा डीसी प्रायमरीतून (माइककडच्या वाइंडिंगमधून) वाहत राहतो आणि तुमचं मल्टिमीटर कायमचंच लावून ठेवल्यासारखं होतं.

आता टेप.

चौथा_ट्रॅक म्हणाल्या ते वरच्या टोकाचं बरोबर. खालच्या टोकालाही टेप काहीतरी करते, पण ती विकृती नसते, टेकडी असते. तरंगलांबी हेडच्या (टेपवर आवाज लिहिणारा-वाचणारा चुंबक) लांबीएवढी झाली की हेडचा पूर्ण पृष्ठभागच सिग्नल वाचायला लागतो आणि प्रतिसाद वरखाली हलतो. १५ आयपीएस म्हणजे सेकंदाला ३८.१ सेंटिमीटर. ५० हर्ट्झची लाट टेपवर साडेसात मिलिमीटर लांब पडते. त्या आसपास एक फुगवटा येतो, नेमका कुठे ते हेडच्या घडणीवर. वेग दुप्पट करून ३० केला की फुगवटा एक सप्तक वर सरकतो, ७.५ केला की एक सप्तक खाली. म्हणून रॉकवाले १५ ला चिकटून राहिले, आणि तंतुवाद्यांच्या मोठ्या ताफ्याचं रेकॉर्डिंग करणारे हिस (टेपची सुसू) कमी म्हणून ३० कडे गेले. तुमच्या मशीनवर ३० नाहीच, त्यामुळे वाद संपला. गिटार आणि आवाजाला १५ लावा. 'स' फारच छळत असेल तर ७.५ करून बघा, पण हिस वाढेल आणि हेड जरा जरी तिरकं असलं तरी वरचं टोक गायब होईल. ७.५ ला १० किलोहर्ट्झची लाट टेपवर जेमतेम १९ मायक्रॉनची असते हो! धुळीचा एक कण त्याहून जाड असतो.

मशीनवर इक्वलायझेशन (वरचं टोक किती उचलायचं, किती उतरवायचं याचा ठरलेला नियम) एनएबी आहे की आयईसी, या दोन पद्धतींपैकी कुठलं, ते आधी पाहा. १५ ला एनएबीचा कालस्थिरांक ५० मायक्रोसेकंद, आयईसीचा ३५. कुठलंही चालेल, पण रेकॉर्ड एकावर आणि प्लेबॅक दुसऱ्यावर झालं की लोक त्यालाच "टेपचा रंग" समजून बसतात.

बायस, म्हणजे रेकॉर्ड करताना आवाजात मिसळलेला, ऐकू न येणारा फार उंच स्वर, हा खरा चव ठरवणारा स्क्रू. १० किलोहर्ट्झ रेकॉर्ड करत बायस वाढवत न्यायचा. पातळी चढते, शिखर गाठते, मग उतरायला लागते. १५ आयपीएसला नेहमीच्या स्टुडिओ टेपवर शिखरापासून साधारण ३ डेसिबल उतरल्यावर थांबायचं, नक्की आकडा टेपच्या माहितीपत्रकात असतो. कमी ठेवलात तर आवाज उजळ पण खरबरीत होतो. माझं सोंगाचं नाव तिथूनच आलंय. पहिली दोन वर्षं मी शिखरावरच थांबायचो आणि गिऱ्हाइकांना सांगायचो की हाच तो जुना आवाज.

शनिवारी काय बघायचं ते सांगतो. हेडचं झाकण काढायला लावा. ते काढू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. टेप जिथून घासते तिथे सपाट चकचकीत पट्टा दिसेल, तो असायचाच. पट्ट्याच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे पायरी पडलीय. असं हेड घासून घेता येतं, पण जेवढं शिल्लक असेल तेवढंच. पिंच रोलर (टेप दाबून धरणारं रबरी चाक) दाबून बघा, तो चिकट किंवा काचेसारखा कडक झाला असेल तर वेग डगमगणारच. सोबत १ किलोहर्ट्झचा स्वर न्या, रेकॉर्ड करा आणि लगेच प्लेबॅक हेडवरून ऐका. स्वर सरळ उभा राहिला पाहिजे, त्याला कंप नको. मग १० किलोहर्ट्झ दोन्ही चॅनेल एकत्र करून ऐका. आवाज झुलत असेल तर टेप हेडवरून नीट सरकत नाही.

मशीन बरीच वर्षं बंद असेल तर थेट सॉकेटमध्ये खुपसू नका. मी एकदा खुपसलं होतं. दहा मिनिटं सुरेख चाललं, मी चाकांकडे बघत उभा होतो कौतुकाने. मग मासळी जळाल्यासारखा वास आला आणि मेन्सच्या बाजूचा जुना कागदी कपॅसिटर फुटून खोली धुराने भरली. चूक माझी, ते कपॅसिटर वयानुसार तडकतात हे मला ठाऊक होतं. आता मी ते आधी बदलतो, प्लग नंतर.

मशीनसोबत "पन्नास रिळं फुकट" मिळणार असतील तर हुरळू नका. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या, पाठीला काळा लेप असलेल्या पुष्कळ टेपचा बाइंडर (चुंबकी भुकटी धरून ठेवणारा गोंद) हवेतला ओलावा पिऊन चिकट होतो. अशी टेप हेडवर तपकिरी राब सोडते आणि किंचाळत थांबते. तिच्यावर आधीचं काही मोलाचं असेल तर ५४ अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास शेकून एकदा वाचता येते. नव्या कामाला अजिबात घेऊ नका. नवी टेप आजही बनते, बनवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि हिशोब आधीच करा: ७ इंची रिळावर १२०० फूट टेप, १५ च्या वेगाने १६ मिनिटं. तुमच्या गायिकेला दहावा टेक द्यायची सवय असेल तर ती सुटेल.

चौथा_ट्रॅक

सुटेल, आणि तोही एक परिणाम आहे. १६ मिनिटं आहेत म्हटल्यावर लोक गाणं बसवून येतात.

एक भर. मशीनचं इनपुट -१० डीबीव्हीचं (घरगुती यंत्रांची हलकी पातळी) आहे का ते बघून घ्या. इंटरफेसच्या +४ डीबीयूशी त्याचा जवळजवळ १२ डेसिबलचा फरक पडतो. तसंच असेल तर तुमच्या त्या "उत्तम वायर"ला नोकरी लागली, बॅलन्स्डचं अनबॅलन्स्ड (तीन तारांच्या जोडणीचं दोन तारांचं) करायला तीच हवी.

कोरडा_टेक

शनिवारचा वृत्तांत.

झाकण काढलं. नख अडकलं, डाव्या ट्रॅकवर स्पष्ट, उजव्यावर थोडं. विकणारे काका म्हणाले, "ते तसंच असतं." १ किलोहर्ट्झ ठीक उभा राहिला. १० किलोहर्ट्झ एकत्र केल्यावर मात्र दिवा विझता विझता परत पेटावा तसा झुलत होता. चाकं फिरताना इतकी देखणी दिसतात की मी जवळजवळ हो म्हणालो होतो.

नाही घेतलं. पण काका दिलदार निघाले. त्यांच्याकडे दुसरं एक मशीन आहे, विकायचं नाही, त्यांनी स्वतः जपलेलं. तीन गाण्यांचं मिक्स घेऊन या, त्यावरून काढू म्हणाले. परवा काढलं, १५ च्या वेगाने, मीटर शून्याच्या जरा वर. प्लेबॅक हेडवरून थेट इंटरफेसमध्ये घेतलं. 'स' आता टोचत नाहीत, बसतात. तिसऱ्या गाण्यात गिटार आधी ट्रान्सफॉर्मरमधून आणि मग टेपवर अशी गेलीय. ते जास्त झालं, खर्ज घुमतोय. लोखंडाचा डोस कमी करून परत जाणार आहे.

रीळ त्यांनी मला दिलं. ते ठेवायचं कसं?

वाकडा_बायस

नख अडकलेलं मशीन सोडून आलात, झकास.

रीळ उलटं गुंडाळू नका. वाजवून संपलं की शेवटचं टोक बाहेर राहील तसंच ठेवा. टेपचा एक वेढा शेजारच्या वेढ्यावर पुसट छाप पाडतो. शेवट बाहेर असला की त्यातली ठळक छाप स्वराच्या आधी न येता मागून येते आणि गाण्यातच झाकली जाते. जलद गुंडाळणी करून ठेवायचं नाही, वाजवण्याच्या वेगानेच गुंडाळायचं. डबीवर वेग, इक्वलायझेशन आणि "शेवट बाहेर" असं लिहा. आणि पुढच्या वेळी रिळाच्या सुरुवातीला १ किलो, १० किलो आणि १०० हर्ट्झचे अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे स्वर टाका, म्हणजे दुसऱ्या मशीनवर वाजवायची वेळ आली तर हेड कशावर जुळवायचं ते कळेल.